पाटीवरच्या दोन ओळी

१५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दिवाणी अपिलाचा निकाल दिला. वाद होता अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीबद्दल. त्या पाटीवर वरच्या ओळीत मराठीत नाव होते आणि खालच्या ओळीत तेच नाव उर्दूत. ही खालची ओळ कायद्यात बसत नाही, ती पुसावी, एवढीच अपील करणाऱ्या बाईंची मागणी. त्या पूर्वी त्याच परिषदेच्या सदस्य होत्या. देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने ती मागणी फेटाळली आणि उर्दूची ओळ जागेवर राहिली.

निकाल आला तेव्हा आपल्या वस्त्यांमध्ये समाधान व्यक्त झाले. उर्दू वर्तमानपत्रांनी तो ठळक छापला, शाळांच्या शिक्षकखोल्यांत त्यावर बोलणे झाले. ते साहजिकच होते. पण समाधानाच्या भरात निकालाचा अर्धाच भाग वाचला गेला, असे आम्हाला वाटते. पाटीवर ओळी दोन होत्या. खालची ओळ राखली म्हणून आपण आनंदलो. वरच्या ओळीचे काय, हा प्रश्न आपण स्वत:ला विचारला नाही. पेण आणि रोह्यासारख्या ठिकाणी उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न टाळता येत नाही. म्हणून या निकालाचा आणि त्यामागच्या इतिहासाचा थोडा विस्ताराने विचार करू.

अपिलाची वाट

पेण किंवा रोह्याच्या माणसाला दिल्लीचे न्यायालय फार दूरचे वाटते. त्याच्या वादाची सुरुवात गावच्या दिवाणी न्यायालयात होते. बांध कोरला, वाटणी झाली नाही, खरेदीखत खोटे निघाले, असा काही तरी दावा असतो. तिथला निकाल मान्य नसेल तर अलिबागचे जिल्हा न्यायालय, तिथून मुंबईचे उच्च न्यायालय. उच्च न्यायालयातल्या दुसऱ्या अपिलाला १९७६ च्या दुरुस्तीनंतर अट आली की त्यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असला पाहिजे. साक्षीदार खरा की खोटा याची चर्चा तिथे पुन्हा होत नाही. त्याही पुढे गेले तर सर्वोच्च न्यायालय.

ही वाट आजची नाही. इंग्रजी अंमलाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्याचे शेवटचे न्यायालय सदर दिवाणी अदालत होते. १८६२ साली मुंबईचे उच्च न्यायालय सुरू झाले आणि त्याच्या वर लंडनची प्रिव्ही कौन्सिल राहिली. कुलाब्याच्या खोताला किंवा सावकाराला शेवटचा न्याय हवा असेल तर कागद समुद्रापलीकडे जात. अर्थात सगळ्यांचे जात नसत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे प्रिव्ही कौन्सिलकडे जायला वादाची किंमत साधारणपणे दहा हजार रुपये असावी लागे. मिठागरावर खपणाऱ्या किंवा खंडाने भात लावणाऱ्या कुटुंबाने दहा हजार रुपये कधी एकत्र पाहिलेही नव्हते.

१९५० साली सर्वोच्च न्यायालय आले. पण किमतीची अट लगेच गेली नाही. संविधानाच्या १३३ व्या अनुच्छेदात दिवाणी अपिलासाठी वीस हजार रुपयांची मर्यादा होती. तिसाव्या घटनादुरुस्तीने ती काढली आणि ही दुरुस्ती फेब्रुवारी १९७३ पासून अमलात आली. तेव्हापासून विचारायचा प्रश्न बदलला. वाद किती रुपयांचा, याऐवजी वादात सर्वांना लागू पडेल असा कायद्याचा प्रश्न आहे का, हे पाहिले जाऊ लागले. याखेरीज १३६ व्या अनुच्छेदाखाली विशेष परवानगीची वाट पहिल्यापासून होतीच.

पातूरच्या पाटीची किंमत काढायला बसले तर पत्रा आणि रंग यांचे काही हजार रुपये होतील. जुन्या हिशेबाने हा वाद दाराशीच अडला असता. न्यायालयाने तो ऐकला, कारण त्यात प्रश्न मोठा होता: राज्याची राजभाषा मराठी आहे, म्हणून दुसऱ्या भाषेने पाटीवरही येऊ नये काय?

पातूरचा खटला

पातूर नगर परिषद १९५६ पासूनची. तेव्हापासून तिथे मराठीबरोबर उर्दूचा वापर होत आला होता, कारण गावातल्या बऱ्याच लोकांना ती भाषा वाचता येते. पाटीला हरकत आली तेव्हा फेब्रुवारी २०२० मध्ये परिषदेने बहुमताने ठराव करून ती हरकत नाकारली. मग प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. नगर परिषदांच्या १९६५ च्या कायद्यात, परिषदेचा ठराव थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी हरकत मान्य केली आणि कामकाजात शंभर टक्के मराठी वापरावी असे सांगितले. परिषदेच्या काही सदस्यांनी अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे दाद मागितली. एप्रिल २०२१ मध्ये आयुक्तांनी जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम रद्द केला. त्याच वर्षी उच्च न्यायालयानेही आयुक्तांचाच निर्णय कायम ठेवला.

वाद सर्वोच्च न्यायालयात असतानाच २०२२ साली राज्याने नवा कायदा केला: महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियम. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत सर्वांचे कामकाज मराठीत चालावे, असा त्याचा हेतू. हरकत घेणाऱ्यांना या कायद्याने नवे बळ मिळाले. या नव्या मुद्द्यावर पुन्हा उच्च न्यायालयाचा निकाल झाला, तो २०२४ मध्ये. न्यायालयाने सांगितले की कायदा मराठी वापरा म्हणतो. मराठीच्या जोडीला दुसरी भाषा लिहू नका, असे तो कुठेही म्हणत नाही. त्यावर दिल्लीत अपील झाले. न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या पीठाने हाच अर्थ कायम केला.

निकालपत्राचा कायदेशीर गाभा एवढाच आहे आणि तो अगदी साधा आहे. पाटीचे काम काय? लोकांना कळवणे. गावातल्या काही लोकांना उर्दू वाचता येत असेल तर त्यांना त्या लिपीत कळवण्यात वावगे काही नाही. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आहेत आणि तिथे दोघींचा दर्जा सारखा आहे.

पण न्यायालय तिथे थांबले नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे, भाषा प्रदेशाची असते, माणसांच्या समूहाची असते, ती कोणत्याही धर्माच्या मालकीची नसते, असे न्यायालयाने विस्ताराने मांडले. उर्दू परकी आहे हा समज चुकीचा असून ती याच भूमीत जन्मली, हेही सांगितले. आणि एक मार्मिक गोष्ट दाखवली. ज्या न्यायालयांत हा वाद चालला, त्यांच्या रोजच्या व्यवहारातच उर्दूतून आलेले शब्द भरलेले आहेत: अदालत, हलफनामा, पेशी, वकालतनामा.

यापूर्वीचे दोन निकाल

भाषेचा वाद सर्वोच्च न्यायालयात जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. संविधान अमलात येऊन चार वर्षे झाली असतील, तेव्हाच मुंबई राज्यातून असे अपील दिल्लीला गेले होते. जानेवारी १९५४ मध्ये मुंबई सरकारने परिपत्रक काढले की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशाच मुलांना यापुढे प्रवेश द्यावा. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलने या हुकमावर बोट ठेवून काही मुलांना प्रवेश नाकारला. शाळा चालवणारी संस्था आणि पालक न्यायालयात गेले. मुंबईच्या उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे परिपत्रक बेकायदा ठरवले. सरकारने अपील केले. मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. केवळ भाषेच्या कारणावरून सरकारी मदत घेणाऱ्या शाळेचे दार कुणाला बंद करता येणार नाही, हा २९ व्या अनुच्छेदाचा अर्थ तेव्हा पक्का झाला.

दुसरे अपील उत्तर प्रदेशातले. त्या राज्याने १९८९ मध्ये आपल्या राजभाषा कायद्यात दुरुस्ती करून उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा दिला. उत्तर प्रदेश हिंदी साहित्य संमेलन या संस्थेने त्याला आव्हान दिले. हिंदी एकदा राजभाषा झाली की दुसरी भाषा आणता येत नाही, असा त्यांचा मुद्दा. सप्टेंबर २०१४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे अपील फेटाळले. दुरुस्तीपासून निकालापर्यंत पंचवीस वर्षे गेली. एक पिढी शाळा संपवून संसाराला लागली, तेव्हा तिच्या भाषेच्या दर्जाचा निवाडा झाला.

या तिन्ही निकालांत एक सूत्र आहे. राज्याला आपली भाषा पुढे न्यायचा अधिकार आहे. पण त्यासाठी दुसऱ्याची भाषा पुसायची गरज नाही. १९५४ मध्ये ते मुलांच्या प्रवेशाबाबत सांगितले गेले, २०१४ मध्ये कारभाराबाबत, २०२५ मध्ये साध्या पाटीबाबत.

न्यायाची मराठी

पातूरच्या निकालातली शब्दांची उदाहरणे हिंदी-उर्दूच्या अंगाने दिलेली आहेत. पण हीच गोष्ट मराठीबद्दल सांगायची तर पुरावा याहून मोठा आहे, आणि तो आपल्या घरातल्या पेट्यांमध्ये पडून आहे.

पेण-रोह्याच्या कोणत्याही जुन्या घरातले कागद काढा, घर मुसलमानाचे असो, आगऱ्याचे असो, ब्राह्मणाचे असो. खरेदीखत, गहाणखत, कबुलायत, दस्तऐवज. खरेदी हा फार्सी शब्द, खत हा अरबी. गहाण मात्र आपल्या मातीतला. न्यायालयात गेले की वादी दावा लावतो, प्रतिवादी कैफियत देतो, वकील तारीख घेतो, मुद्दत वाढते, शेवटी हुकूमनामा होतो, मग अंमलबजावणीची दरखास्त आणि जप्ती. दावा, कैफियत, वकील, तारीख, मुद्दत, हुकूम, जप्ती हे सगळे अरबी, दरखास्त फार्सी. जामीन, वारस, हक्क, अर्ज, कायदा हेही अरबीच. ज्या शाखेला आपण दिवाणी म्हणतो ते नाव दिवाण या फार्सी शब्दावरून आले. आणि साक्षीदार? त्यातला साक्षी संस्कृत आहे, दार फार्सी. न्यायालयात उभा राहून खरे सांगण्याची शपथ घेणारा माणूस मराठीत असा दोन भाषांचा मिळून बनला आहे. वारसनोंदीतला वारस अरबी, नोंद मराठी. हे शब्द कुणी सक्तीने जोडले नाहीत. वापरताना ते जुळत गेले.

हे इंग्रजांच्या आधीपासूनचे आहे. मराठेशाहीत आणि त्यापूर्वीच्या निजामशाही-आदिलशाहीत वतनाचा, हद्दीचा तंटा मजालशीपुढे येई. गोतसभेचे लोक, देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी आणि सुलतानी अमलात काझीही तिथे बसत. दोन्ही बाजू आधी राजीनामा लिहून देत, म्हणजे सभेचा निर्णय आम्ही राजीखुशीने मान्य करू असे लेखी वचन. मग साक्षीपुरावे होत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. राजीनामा शब्दाचा आजचा अर्थ अगदी वेगळा झाला, पण त्याच्या पोटातली राजीखुशी अजून दिसते. मजालस, महजर, राजीनामा हे शब्द असलेले हे कागद मोडी लिपीत आणि मराठीतच लिहिलेले असत.

ज्या गडाचे नाव १९८१ साली आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्याला मिळाले, त्याच रायगडाच्या राजवटीत कारभाराच्या भाषेचा मोठा प्रयोग झाला होता. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश तयार करवला. कारभारात रुळलेल्या सुमारे चौदाशे फार्सी-दखनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. राज्यकर्त्याला आपला कारभार आपल्या लोकांच्या भाषेत यावा असे वाटणे योग्यच होते. पण त्या कोशाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. काही पर्याय रुळले, तर कित्येक जुने शब्द त्यानंतरही जागचे हलले नाहीत. पेशव्यांच्या दफ्तरात ते आहेत आणि आजच्या तलाठ्याच्या दफ्तरातही. दफ्तर हा शब्दही त्यातलाच.

मोल्सवर्थने मराठी-इंग्रजी कोश केला. १८५७ ची त्याची दुसरी आवृत्ती उघडली तर शब्दाशब्दापुढे तो कुठून आला याची खूण आढळते. अरबी आणि फार्सीच्या खुणा जागोजागी आहेत. पुढे १९२५ मध्ये माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन, यांनी फार्सी-मराठी कोश प्रसिद्ध केला. ते स्वत: फार्सीचे प्राध्यापक होते. मराठीवर प्रेम करणाऱ्या या माणसाला फार्सी शिकवताना काही परके वाटले नाही. भाषाशुद्धीच्या चळवळीशीही पुढे त्यांचा संबंध आला. एका माणसाच्या आयुष्यात दोन्ही गोष्टी आल्या, यावरून हा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे ते कळते. शुद्धीचा आग्रह धरणारे सगळे मुसलमानांचे वैरी आणि उर्दूचे प्रेमी सगळे मराठीचे वैरी, अशी सोपी विभागणी इतिहासात बसत नाही.

भाषा धर्माची नसते याची साक्ष द्यायला पेण तालुक्याला बाहेरचा माणूस शोधावा लागत नाही. गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबा भाव्यांनी कुराण मुळातून वाचायचे म्हणून अरबी शिकून घेतली आणि पुढे कुराणातल्या निवडक आयतींचे कुराण-सार सिद्ध केले. ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला हा मुलगा अरबीकडे गेला. त्याआधी तीन शतके श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीकडे आले होते आणि त्यांनी योगसंग्राम लिहिला. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्सने ख्रिस्तपुराण मराठीत लिहिले, ते १६१६ साली छापले गेले. या तिघांचे धर्म तीन. तिघांनाही भाषेच्या दारात कुणी धर्म विचारून अडवले नाही.

वरची ओळ

आता आपल्या घरात पाहू. भाषा धर्माची नसते हे न्यायालयाने म्हटले तेव्हा आपण ते इतरांना उद्देशून म्हटले असे धरून चाललो. उर्दूला मुसलमानांची म्हणून दूर लोटू नका, हा त्याचा एक अर्थ. पण तेच वाक्य आपल्याकडे तोंड करूनही उभे आहे. उर्दू मुसलमानांचीच नाही, तशी मराठी हिंदूंचीच नाही. ती आपलीही आहे.

कोकणातल्या मुसलमानाला हे पटवून द्यायची खरे तर गरज नसावी. आपल्या आजी-पणजीच्या तोंडी उर्दू नव्हती. घरात बोलली जायची ती आपली कोकणी बोली, जिचा सांगाडा मराठीचा आणि ज्यात अरबी-फार्सी शब्द सहज मिसळलेले. आपण नमाज पढतो, रोजा धरतो आणि सोडतो, जनाजा उचलतो, दुवा मागतो. नाम अरबी-फार्सी, क्रियापद बहुतेक मराठी. ही बोली कुणी ठरवून बनवली नाही. खाडीकाठच्या वस्त्यांमध्ये शेजाऱ्यांशी बोलता बोलता ती झाली.

उर्दू आपल्याकडे आली ती मुख्यत: शाळेची भाषा म्हणून. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. बद्रुद्दीन तय्यबजींबरोबर नाखुदा मोहम्मद अली रोगे हे कोकणी गृहस्थ त्यात पुढे होते. मागे पडलेल्या समाजाला आधुनिक शिक्षणाकडे आणायचे तर त्याला आपलीशी वाटेल अशी भाषा हवी, हा त्या पिढीचा विचार. उर्दूने आपल्याला हिंदुस्थानभरच्या मुसलमानांशी जोडले, दीनी पुस्तके दिली, शायरी दिली, आणि मुख्य म्हणजे मुलींना घराजवळची शाळा दिली. हे ऋण मोठे आहे. उर्दू शाळा बंद करून सगळे प्रश्न सुटतील असे जे म्हणतात त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. संविधानाचा ३५० (क) हा अनुच्छेद प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला राज्याला सांगतो, तो रास्तच आहे.

परंतु मधल्या काळात एक गैरसमज घट्ट झाला. उर्दू शिकणे म्हणजे मराठीकडे पाठ करणे, असे काही घरांत मानले जाऊ लागले. मराठीचा तास हा उरकायचा तास. उत्तीर्ण होण्यापुरती मराठी, बाकी कशाला, असे पालक सहज बोलतात.

याची किंमत कुठे मोजावी लागते? शाळेत नाही, शाळेत पास होता येते. किंमत मोजावी लागते ती घरी मराठीतली नोटीस येते तेव्हा. सातबारा मराठीत. फेरफाराची नोटीस मराठीत, आणि तिच्यावर हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत. बाप वारला, भावांनी वारसनोंदीचा अर्ज केला, त्यात बहिणींची नावे आली की नाही हे त्या कागदावर लिहिलेले असते. शरीअतने मुलीला वाटा दिला आहे. पण तो वाटा ज्या कागदावर टिकतो किंवा बुडतो तो कागद मराठीत आहे. उर्दू कादंबरी सहज वाचणारी आपली मुलगी जर सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांच्या रकान्यापाशी अडखळली, तर तिचा हक्क कोण सांभाळणार? तिला मराठी येऊ नये हे कुणाकुणाच्या सोयीचे असते, हेही एकदा उघडपणे बोलले पाहिजे. पंधरा दिवस निघून गेल्यावर दाद मागता येत नाही असे नाही. पण मग ती वाट प्रांत कार्यालय, दिवाणी न्यायालय, अलिबाग, मुंबई अशी लांबत जाते. एका ओळीच्या हरकतीने जे झाले असते त्याला वर्षे लागतात. सर्वोच्च न्यायालयाचे दार किमतीच्या अटीतून मोकळे झाले हे खरे, तरी वकिलाची फी आणि एस. टी.चे भाडे त्या दुरुस्तीने माफ केले नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा या संदर्भातला आणखी एक निकाल आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. महाराष्ट्राने पाचवीपासून पुढे मराठी सक्तीची केली, तेव्हा गुजराती भाषक अल्पसंख्याकांच्या इंग्रजी शाळांच्या बाजूने तिला आव्हान दिले गेले. २००४ मध्ये न्यायालयाने राज्याचे धोरण योग्य ठरवले. ज्या प्रदेशात राहायचे तिथली भाषा शिकायला विरोध करणारा गट मुख्य प्रवाहापासून तुटतो, अशा आशयाचे मत त्यात आहे. अल्पसंख्याकांना आपली भाषा जपायचा हक्क आहे, आणि राज्याला सर्वांना मराठी शिकवायचा अधिकारही आहे. २०२० मध्ये राज्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदाच केला. २००४ आणि २०२५ हे दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. पातूरच्या पाटीवरच्या त्या दोन ओळीच आहेत.

सक्तीने भाषा येते असे मात्र आम्हाला वाटत नाही. कायदा तास ठेवू शकतो, गोडी लावू शकत नाही. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी बालभारतीचे मराठीचे वेगळे पुस्तक आहे, ते चांगलेही आहे. पण ती भाषा आपली आहे हे पुस्तक सांगू शकत नाही. ते शिक्षकाला आणि घराला सांगावे लागते. फळ्यावर दावा, वकील, हक्क, वारस असे शब्द एका बाजूला उर्दूत आणि दुसऱ्या बाजूला देवनागरीत लिहिले की मुलांच्या चेहऱ्यावर ओळख उमटते. हा शब्द तर आपला, असे ती म्हणतात. मराठीच्या भीतीतला मोठा भाग तिथेच गळतो. मग वहिवाट, कूळ, वाटणी हे शब्द शिकवणे अवघड राहत नाही. चौदाशे शब्दांचा कोश ज्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे, तिथल्या उर्दू शाळांना पाचशे समान शब्दांची एक छोटी वही करणे कठीण नाही. इच्छा असेल त्या शाळेने ती करावी.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपल्या लेखकांनी जाहीर केले की मराठी ही आमच्या अभिव्यक्तीची भाषा आहे. ते लेखकांचे म्हणणे होते. पातूरच्या निकालाने तोच विचार दुसऱ्या टोकाकडून आणि न्यायालयाच्या अधिकाराने मांडला. दोन्ही विधाने शेजारी ठेवली म्हणजे आपली जागा स्पष्ट होते. आपण दोन भाषांचे वारस आहोत. वारसाला एकाच मिळकतीवर हक्क सांगून दुसरी सोडून देण्याची मोकळीक असते. पण शहाणा वारस तसे करत नाही.

खालच्या ओळीसाठी पाच वर्षे जिल्हाधिकाऱ्यांपासून दिल्लीपर्यंत लढावे लागले. वरच्या ओळीसाठी कुणाशी लढायचे नाही. ती आपल्याच दारावर, आपल्याच कागदावर लिहिलेली आहे. ती वाचायला मात्र शिकले पाहिजे आणि मुलींना आधी शिकवले पाहिजे.